'सगळे व्हॉल्यूम 4के करा' या मेसेजला उत्तर

"स्टोरेजचा 512 बाइटचा ब्लॉक आता जुना झाला. सगळे व्हॉल्यूम 4096 वर न्या. वेग दुप्पट होतो, कोणतीही विंडोज चालते, डेटा जात नाही." हा मेसेज फिरत फिरत माझ्या मेहुण्यापर्यंत आला. (व्हॉल्यूम म्हणजे विंडोजला एक डिस्क म्हणून दिसणारा स्टोरेजचा भाग. ब्लॉक किंवा सेक्टर म्हणजे डिस्क एका वेळी वाचते-लिहिते तो सगळ्यात लहान तुकडा. 4096 बाइट म्हणजेच 4के.) त्याच्या अंबडच्या वर्कशॉपमध्ये मोजमापाच्या मशीनचा कॉम्प्युटर अजून विंडोज 7 वर आहे, आणि तपासणीचे सगळे रिपोर्ट स्टोरेजवरच्या एका व्हॉल्यूमवर. "सुट्टीच्या दिवशी करून टाकू का?" म्हणून त्यानं विचारलं. नको!

सगळ्यात घातक वाक्य शेवटचं आहे. डेटा जातो. पार्टिशन, म्हणजे डिस्कवर आखलेला भाग, कुठे सुरू होतं हे डिस्कवर सेक्टरच्या क्रमांकात लिहिलेलं असतं. 2048 वा सेक्टर म्हणजे 512 च्या हिशेबानं 1 एमबीवर, 4096 च्या हिशेबानं थेट 8 एमबीवर. म्हणजे एकही बाइट पुसला नाही असं धरलं, तरी विंडोज भलत्याच जागी शोधणार. जीपीटीचा, म्हणजे पार्टिशनच्या यादीचा, हेडरही सेक्टर क्रमांक 1 मध्ये असतो. तोही सापडणार नाही. आणि प्रत्यक्षात डिस्कचा सेक्टर बदलायचा तर ती पूर्ण फॉरमॅटच करावी लागते. स्टोरेज अ‍ॅरेवर, म्हणजे अनेक डिस्कच्या सामायिक पेटीवर, व्हॉल्यूमचा ब्लॉक साधारणपणे तो तयार करतानाच ठरतो. बदल हवा तर नवा व्हॉल्यूम घ्या, डेटा कॉपी करा. अधलामधला रस्ता नाही. हे न सांगता लोकांना रिपोर्टांच्या व्हॉल्यूमवर हात घालायला सांगणं बेजबाबदारपणाचं आहे.

"कोणतीही विंडोज चालते" हेही खोटं. मायक्रोसॉफ्टनंच लिहून ठेवलंय: नेटिव्ह 4के, म्हणजे आत-बाहेर 4096 च दाखवणाऱ्या, डिस्कला आधार विंडोज 8 आणि सर्व्हर 2012 पासून. विंडोज 7 ला फार तर 512ई चालते, म्हणजे आत 4096 पण बाहेर 512 दाखवणारी डिस्क, तीही सर्व्हिस पॅक 1 किंवा त्यासाठीचं अपडेट असेल तर. ड्रायव्हर टाकून हे जमत नाही.

वेगाबद्दल थोडं तथ्य आहे, तेवढं मान्य. 512ई डिस्कवर 4096 च्या सीमेत न बसणारं लिखाण आलं, की डिस्क आधी अख्खा सेक्टर वाचते, बदलते आणि मग लिहिते. एक्सपीच्या काळातली, 63 व्या सेक्टरपासून सुरू होणारी पार्टिशन यामुळे रखडायची. पण व्हिस्टापासून पार्टिशन 1 एमबीवर सुरू होतं, आणि एनटीएफएसचा (विंडोजच्या फाइल सिस्टीमचा) क्लस्टर, म्हणजे फाइलला जागा देण्याचा तुकडा, मुळातच 4096 चा असतो. मग दुप्पट वेग येणार कुठून?

क्लस्टर 4096 दिसला म्हणून सेक्टरही 4096 झाला असं समजू नका. अ‍ॅडमिन म्हणून 'fsutil fsinfo ntfsinfo D:' ही कमांड चालवा (D: च्या जागी आपल्या ड्राइव्हचं अक्षर), दोन्ही आकडे वेगवेगळ्या ओळींत दिसतात.

नवा सर्व्हर, नवी विंडोज, रिकामा व्हॉल्यूम असेल तर 4के खुशाल घ्या. फक्त त्यावर चालणाऱ्या सॉफ्टवेअरवाल्याला आधी विचारा, आणि त्याच डिस्कवरून बूट करायचं असेल तर यूईएफआय (जुन्या बायोसच्या जागी आलेलं फर्मवेअर) लागेल.