औशाच्या आमदाराला सभागृहात परत कोणी पाठवलं?

‘जजना कोणी मत दिलं? संसद जनतेची, म्हणून संसद सर्वोच्च. तिने केलेला कायदा कोर्टाने रद्द करणं म्हणजे लोकशाहीचा खून.’ हा मजकूर गेले कित्येक महिने मोबाइलवर फिरतोय. परवा तो माझ्या मामेभावाने घरच्या ग्रुपवर टाकला. तो औशाचा, म्हणून औशापासूनच सुरुवात करतो.

जज निवडून येत नाहीत, हे खरंच आहे. पण ५ जुलै २०२१ आठवा. महाराष्ट्राच्या विधानसभेने पीठासीन अधिकाऱ्यांशी (सभागृहाचं कामकाज चालवणाऱ्यांशी) गैरवर्तन केल्याचं कारण देऊन भाजपच्या १२ आमदारांना वर्षभरासाठी निलंबित केलं. अधिवेशन होतं अवघं दोन दिवसांचं. औसा, जामनेर, माळशिरस, चिमूर अशा १२ मतदारसंघांना सभागृहात तोंडच उरलं नाही; डिसेंबरचं अधिवेशन त्यांच्याविनाच पार पडलं. आमदाराची हकालपट्टी झाली असती तर जागा रिकामी होऊन सहा महिन्यांत पोटनिवडणूक तरी झाली असती. इथे जागा भरलेली आणि खुर्ची रिकामी! २८ जानेवारी २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, त्या अधिवेशनापलीकडचं निलंबन घटनाबाह्य आहे. आमदारांना बाहेर काढणारं बहुमत निवडून आलेलंच होतं. त्या बहुमतापुढे हात पसरावा न लागणारा कोणीतरी हवा होता, म्हणून औशाच्या मतदारांचा आमदार परत सभागृहात गेला. आज ज्यांचं बहुमत आहे, ते उद्या त्या १२ जणांच्या जागी असू शकतात.

‘संसद सर्वोच्च’ हे तत्त्व ब्रिटनचं. तिथे आपल्यासारखी एका ग्रंथात लिहिलेली राज्यघटना नाही. आपल्याकडे अनुच्छेद १३ स्वच्छ सांगतो की मूलभूत हक्क हिरावणारा कायदा करायचा नाही, आणि केला तर तो तेवढ्यापुरता शून्य. हा अधिकार कोर्टाने कुणाकडून हिसकावलेला नाही, घटना समितीने दिलेला आहे.

आणि सर्वोच्च संसद काय करू शकते, हे १९७५ साली आपण पाहिलंय. १२ जूनला अलाहाबाद उच्च न्यायालयाने इंदिरा गांधींची निवडणूक रद्द केली. अपिलाची सुनावणी ११ ऑगस्टला होती. आदल्याच दिवशी, १० ऑगस्टला, ३९वी घटनादुरुस्ती लागू झाली: पंतप्रधानांच्या निवडणुकीला कोर्टात आव्हान देता येणार नाही, आधीचा निकालही रद्द समजावा. आणीबाणी चालू, विरोधी नेते तुरुंगात. हेही निवडून आलेल्या संसदेनेच केलं होतं. ७ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने ते कलम उडवलं. गंमत म्हणून नाही, पूर्ण गोष्ट म्हणून सांगतो: त्याच निकालात इंदिराजींची निवडणूक मात्र कायम राहिली. म्हणजे निकाल त्यांच्या बाजूचा, पण कोर्टाचं दार बंद करणं नामंजूर.

‘शेवटचा शब्द कोर्टाचाच’ हेही चूक. ५ मे २०२१ ला मराठा आरक्षणाचा कायदा रद्द करताना बहुमताने सांगितलं गेलं की १०२व्या दुरुस्तीनंतर मागास जाती ठरवण्याचा अधिकार राज्यांकडे उरलेला नाही. संसदेने ऑगस्टमध्ये घटना दुरुस्त करून तो अधिकार राज्यांना परत दिला. कोर्टाने अर्थ लावला, संसदेने मजकूर बदलला.

कोर्ट सरकारचं सगळंच अडवतं, असंही नाही. नोटाबंदी टिकली, काश्मीरचा विशेष दर्जा काढणारा ३७०चा निर्णय टिकला, आर्थिक दुर्बलांचं १० टक्के आरक्षण टिकलं.

दोन तक्रारींत मात्र दम आहे. न्यायमूर्तींची नावं बंद दाराआड ठरतात, हे मलाही पटत नाही. शिवाय डिसेंबर २०१६ मध्ये महामार्गापासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री बंद करण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला. अंतर किती असावं हे ठरवणं माझ्या मते सरकारचं काम होतं. पुढे लहान गावांसाठी ते अंतर २२० मीटर करावं लागलं, मग शहरांच्या हद्दीबाबत खुलासा करावा लागला.

पण जजना हात लावता येत नाही, असं नाही. संसदेला ते काढता येतात. २०११ मध्ये राज्यसभेने कलकत्ता उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती सौमित्र सेन यांना हटवण्याचा प्रस्ताव मंजूर केला. लोकसभेत मतदान होण्याआधीच त्यांनी राजीनामा दिला.