‘क्रमाचा मुद्दा केव्हाच निकालात निघाला’ म्हणणाऱ्या प्रतिक्रियेला उत्तर

श्री. ‘जिज्ञासू पार्लेकर’,

न्यूक्लिओसोमच्या (हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती गुंडाळलेल्या डीएनएच्या गाठोड्यांच्या) जागा कशा ठरतात यावरच्या माझ्या लेखाखाली तुमची प्रतिक्रिया वाचली. लगेच उत्तर लिहायचं टाळलं, कारण राग आला होता. तो अजून पूर्ण गेलेला नाही.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: डीएनएच्या क्रमाचा, म्हणजे ए, टी, जी, सी या अक्षरांच्या मांडणीचा मुद्दा ‘केव्हाच निकालात निघाला’, जागा ठरवतात ते क्रोमॅटिन रिमॉडेलर, म्हणजे न्यूक्लिओसोम सरकवणारी प्रथिनं; पुरावा सगळा यीस्टचा; ज्या एन्झाइमने हे नकाशे काढले ते ए-टी बहुल जागी जास्त कापतं, म्हणून नकाशेच संशयास्पद; लोकलच्या सीटचं उदाहरण शाळकरी. आणि शेवटी, ‘बाईंनी लिहिण्याआधी गेल्या दहा वर्षांतलं काही वाचलं असतं तर बरं झालं असतं.’

माझं म्हणणं खोडून काढा, त्याला कधीच ना नव्हती. पण माझ्याशी बोलायचं सोडून माझ्याबद्दल इतर वाचकांशी बोलायचं, ही कुठली रीत? इथे बारावीची मुलं येतात, निवृत्त शिक्षक येतात. त्यांनी न बिचकता विचारावं म्हणून मी हे मराठीत लिहिते. अशी एक प्रतिक्रिया पडली की खाली कोणी तोंड उघडत नाही. याची जबाबदारी टोपणनावाआडून लिहिणाऱ्यावर नाही का?

राहिला वाचण्याचा प्रश्न. एम.एस्सी.ला कलिन्याला असताना उंदराच्या यकृतातली केंद्रकं वेगळी करून त्यांवर हेच एन्झाइम, मायक्रोकॉकल न्यूक्लिएझ, मी स्वतःच्या हाताने घातलेलं आहे. डीएनएचे तुकडे लांबीनुसार वेगळे करणारं जेल अतिनील प्रकाशात धरलं की नारिंगी पट्ट्यांची शिडी दिसते: सगळ्यात पुढे धावलेली पट्टी एका न्यूक्लिओसोमची, तिच्या मागे दोनाची, मग तिनाची, साधारण 200 बेस-जोड्यांच्या (डीएनएच्या समोरासमोरच्या अक्षरजोड्यांच्या) पायऱ्यांनी. थांबवायला जरा उशीर झाला की मागच्या पट्ट्या विरतात आणि सगळा माल पुढच्या पट्टीत गोळा होतो. हे एन्झाइम कुठे अधाशीपणे कापतं, हे मला प्रतिक्रियेतून कळण्याची गरज नाही. शिवाय 2012 मध्ये विडम यांच्या प्रयोगशाळेने एन्झाइम न वापरता, रासायनिक पद्धतीने एकेका बेसपर्यंत अचूक नकाशा काढला, आणि साधारण दर दहा जोड्यांनी येणारा एए-टीटीचा ठेका (तो खाली सांगते) त्यातही दिसला. तो मुद्दा तिथे संपतो.

आता ते ‘निकालात निघाला’.

147 बेस-जोड्यांचा डीएनए आठ हिस्टोनांच्या गाभ्याभोवती सुमारे 1.65 वेढे घेतो. एवढा बाक घ्यायचा तर साधारण दर दहा जोड्यांनी त्याच्या पिळातल्या दोन खाचांपैकी लहान खाच गाभ्याकडे दबावी लागते. तिथे एए, टीटी आले तर ते सोपं जातं. जीसी बरोबर त्यांच्या मधल्या जागी, खाच बाहेर असते तिथे बरे बसतात. सॅचवेल, ड्र्यू आणि ट्रॅव्हर्स यांनी कोंबडीच्या न्यूक्लिओसोममधले क्रम तपासून हे 1986 मध्ये दाखवलं. उलट नुसत्या ‘ए’ची लांब सलग माळ ताठ असते, सहजी वाकत नाही, आणि यीस्टच्या प्रमोटरमध्ये (जनुक चालू करणाऱ्या, त्याच्या अलीकडच्या भागात) अशा माळा जागोजागी आहेत. हा रेणूचा स्वभाव आहे. तो कोणत्या साली कोणता शोधनिबंध गाजला यावर बदलत नाही.

2006 मध्ये सेगल आणि विडम यांच्या गटांनी यीस्टमधली साधारण निम्मी मांडणी क्रमावरून सांगता येते असं म्हटलं, तेव्हा वाद पेटला. 2009 मध्ये एका गटाने शुद्ध हिस्टोन आणि यीस्टचा डीएनए एकत्र करून क्रमाची बाजू उचलून धरली. त्याच वर्षी स्ट्रुल यांच्या गटाने तसाच प्रयोग करून क्रम हा मुख्य घटक नाही असं सांगितलं. तुमची प्रतिक्रिया इथेच थांबते. मी मात्र पुढे गेले होते, आणि लेखाचा अर्धा भाग त्यावरच होता.

2011 मध्ये यीस्टच्या पेशींचा अर्क आणि एटीपी (पेशीचं इंधन) घातल्यावर जनुकाच्या सुरुवातीची न्यूक्लिओसोमची रांग परीक्षानळीत उभी राहिली. नुसत्या डीएनए आणि हिस्टोनांनी ती राहत नव्हती. म्हणजे रिमॉडेलर हवेतच, हे मीही लिहिलं आहे. पण 2016 मध्ये शुद्ध केलेले रिमॉडेलर एकेक करून घातले, तेव्हा काय दिसलं? आरएससी नावाचा रिमॉडेलर प्रमोटर मोकळा करतो, आणि कोणत्या बाजूला ढकलायचं हे तो त्या ‘ए’च्या माळेवरून ठरवतो. आयएनओ80 हा रिमॉडेलर तर दुसऱ्या कोणत्याही प्रथिनाच्या मदतीशिवाय जनुकाचा पहिला, म्हणजे ‘+1’ न्यूक्लिओसोम बऱ्याच ठिकाणी जागेवर आणतो. कशाच्या आधारे? नळीत डीएनए, हिस्टोन आणि एटीपीखेरीज होतंच काय! 2021 मध्ये तर बासू आणि हा यांच्या गटाने डीएनएचा लवचीकपणाच जनुकसंचभर मोजला, आणि ‘+1’च्या अलीकडे ताठ पट्टा सापडला. आयएनओ80 त्या ताठपणाची दखल घेतो.

तुम्ही क्रम आणि रिमॉडेलर यांना कोर्टात वादी-प्रतिवादी म्हणून उभं केलंत. ते तसे नाहीतच. एटीपी जाळून डीएनए सरकवणारं यंत्रच क्रमाकडे बघून काम करतं. मला लेखात एवढंच सांगायचं होतं, आणि ते मी पुन्हा सांगेन.

सीटच्या उदाहरणाबद्दल: खिडकीजवळचा माणूस पक्का बसला की बाकीचे त्याला धरून बसत येतात, असं मी लिहिलं होतं. ‘+1’ची भूमिका नेमकी तीच आहे. 2011च्याच प्रयोगात हिस्टोन निम्मे केले तरी रांगेतलं अंतर तेवढंच राहिलं, म्हणजे ही माणसं नुसती गर्दीमुळे चिकटत नाहीत, त्यांना कोणीतरी सरकवून बसवतं. शाळकरी वाटलं तरी चालेल. शाळेतल्या मुलांनाही हे कळायला हवं.

‘पुरावा सगळा यीस्टचा’ याबद्दल: लेखात ‘निम्मी मांडणी’ हे वाक्य लिहिताना ‘यीस्टमधली’ हा शब्द दोन परिच्छेद वर राहून गेला होता. तो त्याच वाक्यात असता तर बरं झालं असतं; आता घातला आहे. माणसाच्या पेशींबद्दल मी दावाच केलेला नव्हता, त्यामुळे त्यावर बोलण्यासारखं काही नाही.

एक प्रश्न मात्र तुम्हाला आहे. क्रम निकालात निघाला असेल, तर आरएससीला आपली दिशा कशी कळते? याचं उत्तर असेल तर जरूर लिहा, मी ते जसंच्या तसं प्रकाशित करेन. आणि लिहाल तेव्हा मला उद्देशून लिहा.