कुळातले टोमॅटो

आमच्या घराण्याचे संमेलन इंदूरला भरवावे आणि त्याचा विषय टोमॅटो ठेवावा, ही कल्पना माझीच होती. २०२३ च्या मे महिन्यापर्यंत कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप गटावर बारशापासून बाराव्यापर्यंतच्या सर्व विषयांवरून भांडणे होऊन गेली होती, आणि ज्यावरून कोणाचेच कोणाशी वैर नाही असे एवढे एकच फळ मला सुचले. शिवाय टोमॅटो तेव्हा मातीमोल झाले होते; शेतकरी ते रस्त्यावर ओतत असल्याची छायाचित्रे छापून येत होती. तेव्हा रविवार, ९ जुलै रोजी सर्वांनी लाल कपड्यांत यावे, प्रत्येक शाखेने आपल्या घरचा एक टोमॅटोचा पदार्थ करावा, आणि 'कच्चा माल यजमानांकडून', असे निमंत्रण मी उदार अंतःकरणाने धाडले.

पहिला खटका शेव-टोमॅटोच्या भाजीवरून उडाला. ती मूळची काठियावाडची, असे बडोद्याच्या आत्याचे म्हणणे, तर माळव्यात राहून हे ऐकून घेणे आम्हाला शक्य नव्हते. रतलामी शेवेला भौगोलिक मानांकन आहे, हे मी कळवताच आत्याने 'तुमची शेव म्हणजे लवंगांचा काढा' असे उत्तर पाठवले. पुण्याच्या चुलतभावाने 'भाजीत शेव घालणारे उद्या सारात फरसाण घालतील' एवढेच लिहिले आणि दोन्ही पक्षांची एकी घडवून आणली.

मग पुतण्याला स्पेनमधले बुन्योल गाव आठवले. तिथे ऑगस्टच्या शेवटच्या बुधवारी लोक तासभर एकमेकांवर टोमॅटो फेकतात; कोणाला लागू नये म्हणून फेकण्याआधी ते हातात चुरडून घ्यायचे असतात. इंदूरला रंगपंचमीला रंग उधळत निघणारी मिरवणूक, म्हणजे गेर, चालते, मग हे का चालू नये, असा त्याचा सवाल होता. त्यावर, जे शहर २०१७ पासून स्वच्छतेत सलग पहिले येते आहे त्याच्या अंगणातला तो चिखल ओल्या कचऱ्याच्या डब्यात कोण भरणार, असे वहिनींनी विचारले आणि स्पेन मागे पडला.

खरा पेच नानाकाकांनी टाकला. २९ जूनला आषाढी, म्हणजे ९ जुलै चातुर्मासात. (त्यातून त्या वर्षी अधिक श्रावण, म्हणजे चातुर्मास चक्क पाच महिन्यांचा.) चातुर्मासात वांगे वर्ज्य, टोमॅटो वांग्याच्याच कुळातला, आणि आजी तर त्याला वेलवांगीच म्हणत असे. मी वनस्पतिशास्त्राचा आधार घेऊन सांगितले, "काका, बटाटा, मिरची आणि तंबाखूही त्याच कुळातली आहेत." उपवासाला बटाट्याचा कीस आणि एरवी तंबाखूचा बार, असा काकांचा नेम साऱ्या घराला ठाऊक होता. ते शांतपणे म्हणाले, "बटाट्याला पूर्वापार परवानगी आहे, आणि तंबाखू मी खात नाही, नुसती धरतो."

हा वाद जूनअखेरपर्यंत रंगला आणि तेवढ्या अवधीत टोमॅटोने शंभरी ओलांडली. सदतीस माणसांचा कच्चा माल यजमानांकडून! चोइथराम मंडीत मी तीन फेऱ्या मारल्या. प्रत्येक फेरीला भाव वाढत होता आणि माझ्या पिशवीचा आकार कमी होत होता. शेवटी गटावर दुरुस्ती टाकली की, संमेलनात आपलेपणा वाढावा या हेतूने प्रत्येक घराने येताना दोन किलो टोमॅटो आणावेत.

आपलेपणा पुढीलप्रमाणे वाढला. पुण्याहून सॉसची एक बाटली आली. बडोद्याहून आत्या टोमॅटोच्या रंगाची साडी नेसून आली आणि 'विषय सांभाळला हो' म्हणाली. ग्वाल्हेरकरांनी खरे टोमॅटो आणले, पण ते गाडीत कोणाच्या तरी ट्रंकेखाली आल्याने बुन्योलच्या नियमानुसार आधीच चुरडलेले होते. सगळे मिळून जेमतेम तीन किलो भरले. वहिनींनी त्यांची चटणी केली आणि कुळ तेच ठेवून सदतीस जणांना बटाटेवडे तळले.

पंगतीत चटणी चमच्याच्या टोकाने वाढली जात होती. काकांचा नेम लक्षात ठेवून मी त्यांचे पान वगळून पुढे सरकलो, तोच त्यांनी माझा हात धरला.

"कुळातलाच आहे ना तो? मग वाढ की!"