शेवट भन्नाट आहे, हेही सांगू नका

इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या ओटल्यावर रविवारी सकाळी पोह्यांची पहिली प्लेट संपेपर्यंत सहसा कोणी वाद घालत नाही. पोह्यांवर भुरभुरायचा जीरावण मसाला कमी पडला की जास्त झाला, एवढ्यापुरतेच मतभेद असतात. गेल्या महिन्यातल्या एका रविवारी मात्र बाईंनी बसण्याआधीच पिशवीतून एक जाडजूड कादंबरी काढून बंटीच्या हातात ठेवली आणि "हे तुझे पुस्तक, आणि यापुढे शिफारस करताना जरा तोंड आवर," असे त्याला सुनावले. बंटीचा गुन्हा इतकाच होता की पुस्तक देताना तो म्हणाला होता, "बाई, शेवटच्या वीस पानांत डोके गरगरते, बघाच तुम्ही." सारी नोकरी गणित शिकवण्यात घालवलेल्या बाईंना एवढा इशारा पुरेसा होता. शेवटी सगळे उलटणार हे कळल्यावर, लेखक ज्याच्याकडे बोट दाखवतो आहे तो निर्दोष असणार, हे त्यांनी दुसऱ्या प्रकरणातच धरून टाकले. उरलेल्या मंडळींत ज्याला कथेत काहीच काम नाही आणि तरीही जो वारंवार चहा प्यायला येतो असा एकच गृहस्थ होता, तो त्यांना नव्वदाव्या पानावर सापडला, आणि पुढची अडीचशे पाने त्यांनी केवळ हाती घेतलेले अर्धे टाकू नये म्हणून वाचली.

पुरावा म्हणून त्यांनी खुणेची चिठ्ठीही दाखवली. बाई पुस्तकात जुन्या दिनदर्शिकेचा कापलेला चतकोर ठेवतात आणि त्याच्या कोऱ्या बाजूवर बारीक पेन्सिलीने संशयितांची नावे व समोर पानांचे आकडे लिहितात. संशय फिटला की नावावर आडवी रेघ मारतात. या चिठ्ठीवर पाच नावे होती, त्यांपैकी चार खोडलेली होती, आणि पाचव्यासमोर ९० हा आकडा दोनदा गिरवलेला होता.

बंटीचे म्हणणे असे की त्याने शेवट सांगितलाच नव्हता, फक्त शेवट भन्नाट आहे एवढेच सांगितले होते, आणि तेही सांगायचे नसेल तर लोकांना पुस्तक वाचायला लावायचे तरी कसे? बाईंचे उत्तर माझ्या मते त्या दिवशीचे सर्वांत नेमके वाक्य होते: "खुनी कोण हे सांगणारा एक नाव फोडतो, शेवट उलटतो असे सांगणारा लेखकाची सगळी मांडणीच फोडतो." रोनाल्ड नॉक्स या इंग्रज धर्मगुरूने १९२९ मध्ये रहस्यकथेसाठी दहा नियम लिहिले, त्यांतला पहिलाच असा आहे की गुन्हेगार कथेच्या सुरुवातीच्या भागातच वाचकाच्या नजरेखालून गेलेला असला पाहिजे. लेखक हा नियम प्रामाणिकपणे पाळतो आणि मग त्या माणसावरून वाचकाचे लक्ष उडावे म्हणून दोनशे पाने राबतो. शिफारस करणारा मात्र एका वाक्यात त्याच्या मेहनतीवर पाणी ओततो.

नाना हे सगळे ऐकत शांतपणे शेव निवडून खात होते. आमच्यात वयाने सर्वांत मोठे तेच, आणि त्यांचे रहस्यवाचन बाबूराव अर्नाळकरांपासूनचे. झुंजार आणि काळापहाड यांच्या गोष्टी त्यांनी दिवसाच्या भाड्यावर आणून एका बैठकीत संपवलेल्या. हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणाऱ्या त्या माणसाची आम्हांला काय कदर, हा त्यांचा नेहमीचा टोमणा. त्यांनी सांगितलेला किस्सा असा, की एकदा भाड्याने आणलेल्या पुस्तकाच्या पहिल्याच पानावर कोण्या खोडसाळाने 'खून मामाने केला' असे लिहून ठेवले होते. नानांना आधी संताप आला, मग त्यांनी मामाच्या प्रत्येक हालचालीवर पाळत ठेवत पुस्तक वाचले, मामा दाराशी आला की त्यांच्या अंगावर काटा येई, आणि शेवटी कळले की मामा निर्दोष होता. "इतके घाबरून मी दुसरे कोणतेच पुस्तक वाचलेले नाही," नाना म्हणाले, "म्हणून तुम्हांला सांगायचेच असेल, तर खोटे सांगा."

यावर हशा झाला खरा, पण वकीलसाहेबांनी तो धागा सोडला नाही. वाचकाला गुन्हेगार आधीच माहीत असला तरी ताण टिकतो का, हा खरा प्रश्न आहे असे ते म्हणाले, आणि त्यांनी केइगो हिगाशिनो या जपानी लेखकाची 'द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स' ही कादंबरी पुढे केली. मूळ जपानी पुस्तक २००५ चे, त्याला जपानचा मानाचा नाओकी पुरस्कार मिळाला, आणि इंग्रजी अनुवाद २०११ मध्ये आला. एक घटस्फोटित बाई, तिची मुलगी, पैशासाठी छळणारा पूर्वाश्रमीचा नवरा आणि शेजारच्या घरात राहणारा गणिताचा शिक्षक. खून पहिल्याच प्रकरणात आपल्या डोळ्यांदेखत होतो, कोणी केला तेही दिसते, आणि तरीही पुस्तक खाली ठेवता येत नाही, कारण तो शिक्षक एखादे प्रमेय मांडावे तसा बचाव रचत जातो आणि त्याचा कॉलेजातला जुना भौतिकशास्त्रज्ञ मित्र तो बचाव एकेक पायरी उलगडू लागतो. गणिताचा शिक्षक म्हटल्याबरोबर बाईंनी हात पुढे केला. याच कादंबरीवरचा 'जाने जां' हा २०२३ चा हिंदी चित्रपट आपण पाहिला आहे, असे बंटी उत्साहाने म्हणाला आणि पुढे काही बोलणार, तोच तीन जणांनी एकदम त्याच्याकडे पाहिले. त्याने तोंडात पोह्यांचा घास भरला.

त्यानंतर वकीलसाहेबांनी पिशवीतून दुसरे पुस्तक काढले आणि इथे माझीही उत्सुकता चाळवली. सुजाता मॅसी यांची २०१८ ची ही कादंबरी १९२१ च्या मुंबईत घडते. भारतात तिचे नाव 'अ मर्डर ऑन मलबार हिल'. परवीन मिस्त्री ही पारशी तरुणी वडिलांच्या वकिली कचेरीत काम करते आणि एका दिवंगत मुसलमान गिरणीमालकाच्या तीन विधवांनी आपापला वाटा धर्मादायाला देऊन टाकल्याचा कागद तिच्या हाती येतो. तिघीही पडद्यात राहणाऱ्या, म्हणजे कोणाही परपुरुषाला, मग तो पोलीस असो की वकील, त्यांच्याशी समोरासमोर बोलता येत नाही. सह्या खऱ्या आहेत का, आपण कशावर सही करतो आहोत हे त्यांना कळले होते का, हे विचारायला फक्त परवीनच आत जाऊ शकते. ऑक्सफर्डमध्ये कायदा शिकलेल्या आणि पुढे पडदानशीन स्त्रियांच्या मालमत्तेसाठी झगडलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांच्यावरून हे पात्र सुचले आहे. वकीलसाहेबांचे मत असे की अनेक कादंबऱ्यांत हौशी शोधकर्ता प्रकरणात उगाच नाक खुपसतो आणि पोलीसही त्याला आत येऊ देतात. इथे मात्र दुसरा कोणी तपास करूच शकत नाही, आणि सगळा ताण त्या एका बंद दारातून निर्माण होतो.

मलबार हिलचे नाव निघाल्यावर इंदूरच्या ओटल्यावर बावला खटला निघणार नाही, हे शक्यच नव्हते. १२ जानेवारी १९२५ च्या संध्याकाळी त्याच टेकडीवर अब्दुल कादर बावला या व्यापाऱ्याची मोटार अडवून त्याला गोळ्या घालण्यात आल्या. सोबत होळकर दरबार सोडून गेलेली मुमताज बेगम होती, हल्लेखोर तिला परत न्यायला आले होते, आणि प्रकरणाची झळ पुढच्याच वर्षी इंदूरचे महाराज तुकोजीराव तिसरे यांच्या गादीपर्यंत पोहोचली. नानांच्या वडिलांच्या पिढीत ही गोष्ट घरात दबक्या आवाजातच बोलली जाई. वकीलसाहेबांचा मुद्दा निराळा होता: गोल्फ खेळून परतणारे ब्रिटिश लष्करी अधिकारी नेमके त्याच क्षणी तिथे आले, म्हणून मुमताज वाचली आणि मारेकऱ्यांपैकी काही जागीच धरले गेले. हेच एखाद्या कादंबरीत लिहिले असते तर आपण लेखकाला आळशी म्हटले असते, कारण योगायोगाने तपासाला मदत होता कामा नये असे त्या नॉक्सच्या यादीतही आहे. यावर बाई म्हणाल्या की वास्तवाला संपादक नसतो, आणि हा विषय तिथेच संपला. नाहीतर होळकरांवरून दुपार झाली असती.

बाकीच्या शिफारशी भराभर झाल्या. रिचर्ड ऑस्मन यांची 'द थर्सडे मर्डर क्लब' ही २०२० ची कादंबरी नानांनी वाचावी असे मी सुचवले, कारण तिच्यातले चारही शोधकर्ते निवृत्तांच्या वसाहतीत राहणारे वृद्ध आहेत. नाना म्हणाले की म्हाताऱ्यांची हुशारी त्यांना पुस्तकातून शिकायची नाही. वसीम खान यांच्या 'मिडनाइट ॲट मलबार हाउस'मध्ये १९४९ च्या सरत्या रात्री एका ब्रिटिश मुत्सद्द्याचा खून होतो आणि तपास पर्सिस वाडिया या पोलीस अधिकारी तरुणीकडे येतो. मला त्यातल्या रहस्यापेक्षा प्रजासत्ताक होऊ घातलेली मुंबईच जास्त आवडली, आणि ही तक्रार आहे की कौतुक, हे मी अजून ठरवलेले नाही. जॅनिस हॅलेट यांची २०२१ ची 'द अपील' मात्र मी आग्रहाने बंटीच्या गळ्यात मारली. हौशी नाटकमंडळातली भांडणे, रुसवेफुगवे आणि वर्गणी हे सारे केवळ ईमेल आणि निरोपांतून उलगडते, निवेदक असा कोणी नाहीच. वकिली शिकणाऱ्या दोघांप्रमाणे वाचकालाही तो कागदांचा गठ्ठा चाळावा लागतो. इंदूरच्या मराठी नाटकमंडळींत ज्याने एकदा तरी तालमीला खुर्च्या लावल्या आहेत, त्याला त्यातला प्रत्येक माणूस ओळखीचा वाटेल.

या सगळ्यात मराठी पुस्तक एकही नाही, हे नानांच्या लक्षात आले आणि त्यांचा आवाज चढला. सुहास शिरवळकरांचे दारा बुलंद आणि फिरोज इराणी हे कथानायक आम्ही घोटून प्यायलो, त्यानंतर तुम्ही काय वाचलेत, असा त्यांचा सवाल होता. हृषीकेश गुप्ते यांचे नाव मी घेतले, पण त्यांचे बळ भयाकडे अधिक झुकते हे मलाही मान्य होते. दिवाळीत रहस्यकथांच्या 'धनंजय'चा अंक आला की आमची भूक चार दिवस भागते, पण आठवडाभर पुरेल असे निव्वळ तपासाचे नवे मराठी पुस्तक सुचवा म्हटल्यावर ओटल्यावर थोडा वेळ कोणी बोलले नाही. त्या अबोल्यात नानांनी 'मलबार हिल' उचलले, इंग्रजी वाचायला आपल्याला वेळ लागेल असे बजावले, आणि ते बाईंनंतर आपल्याला मिळावे असे ठरवून टाकले.

बाईंनी ते चार दिवसांत संपवून नानांकडे पोहोचवले, पण चिठ्ठी काढून घ्यायला विसरल्या. तीन आठवड्यांनी नानांनी पुस्तक परत आणले तेव्हा चिठ्ठी आतच होती. बाईंनी पेन्सिलीने लिहिलेली तीन नावे वर होती, दोन खोडलेली आणि एक शिल्लक. त्याखाली नानांनी निळ्या शाईच्या पेनाने चौथे नाव घातले होते आणि समोर पान ११२. बाईंनी चष्मा लावून ते वाचले, काही न बोलता चिठ्ठी पुन्हा पुस्तकात सरकवली, आणि पुस्तक बंटीकडे दिले.