शॉर्टकट लांबवण्याची कला

मेल वाचणं हे नव्याने लागलेल्या पोरांचं काम. तुमच्या हुद्द्यापुढे एकदा 'सीनियर' लागलं की तुम्ही मेल वाचायचे नसतात, फोल्डरांत लावायचे असतात. ठाणे-बेलापूर रोडवर रबाळे-महापेच्या पट्ट्यातल्या कुठल्याही ऑफिसात डोकावा, ज्याच्या आउटलुकची, म्हणजे मेलच्या सॉफ्टवेअरची, फोल्डरांची डावी पट्टी सगळ्यात लांब, त्यालाच साहेब भर मीटिंगमध्ये म्हणतात, "तो मेल तुमच्याकडे असेलच." असतोच. सापडत नाही, ही गोष्ट वेगळी.

सुरुवात फेव्हरिट्सपासून करा. पट्टीत सगळ्यात वर ही जागा असते. रोज लागणारे चार फोल्डर हाताशी राहावेत म्हणून बनवणाऱ्याने ती दिली; बिचाऱ्याला आपली माणसं ठाऊक नव्हती. फोल्डरवर राइट क्लिक, 'अ‍ॅड टू फेव्हरिट्स', झालं काम. इतकं सोपं आहे, तर चारावर थांबायचं कशाला? जीएसटी, टीडीएस, 'पीओ पेंडिंग', 'पीओ पेंडिंग जुने', दिवाळी गिफ्ट, सोसायटी पार्किंग, 'साहेब अर्जंट', 'साहेब अर्जंट (बघू)' असे सगळे वर घ्या. खऱ्या फोल्डरांपर्यंत पोचायला आधी फेव्हरिट्स ओलांडून खाली स्क्रोल करावं लागलं, की तुमचं बस्तान बसलं असं समजा.

नावं ठेवताना सिडकोचा आदर्श डोळ्यांपुढे असू द्या. सिडकोने नवी मुंबई वसवताना प्रत्येक नोडमध्ये, म्हणजे उपनगरात, सेक्टरचे आकडे पुन्हा एकपासून सुरू केले. म्हणून सेक्टर १० वाशीत आहे, नेरूळला आहे आणि ऐरोलीतही आहे. पत्त्यात नोड लिहायचा राहिला, की कुरिअरवाल्याची यात्रा घडते. फेव्हरिट्समध्ये हीच सोय आयती मिळते. तिथे फोल्डरांची उतरंड दिसत नाही, सगळे एका रांगेत उभे. तेव्हा प्रत्येक क्लायंटच्या पोटात एक 'इन्व्हॉइस', एक 'जुने' आणि एक 'इतर' असा फोल्डर काढा आणि सगळे वर आणून ठेवा. मग ओळीने पाच 'इतर' दिसतील. त्यातला कुठला कुणाचा, हे फक्त तुम्हाला ठाऊक. यालाच एचआरवाले जॉब सिक्युरिटी म्हणत असावेत.

क्रम लावण्यासाठी नावाआधी आकडे घालतात. कुणी ०१ घालतो, त्याच्या वर चढायला दुसरा ००, मग उद्गारचिन्ह. यात फार वेळ घालवू नका. एक अख्खा शुक्रवार पुरतो.

जुन्या जाणत्यांसाठी आणखी एक दालन आहे. आउटलुक ९७ च्या काळी डावीकडे मोठमोठ्या चित्रांची करडी पट्टी असायची, 'आउटलुक बार'. २००३ च्या आवृत्तीत ती गेली आणि शॉर्टकट्सना एका कोपऱ्यात खोली मिळाली. डेस्कटॉपवरच्या जुन्या आउटलुकात कंट्रोल आणि ७ दाबलं की ती उघडते. तिथे शॉर्टकट्सचे गट करता येतात. म्हणजे फोल्डर, त्याचा फेव्हरिट्समधला अवतार आणि इथला शॉर्टकट, अशा एकाच मेलकडे जाणाऱ्या तीन वाटा तुम्ही बांधू शकता. मेल वाचायला वेळ मिळाला नाही तरी चालेल, रस्ते झाले पाहिजेत.

आता खरा कसबाचा भाग, साफसफाई. फेव्हरिट्समधल्या नावावर राइट क्लिक केलं की त्याच यादीत 'रिमूव्ह फ्रॉम फेव्हरिट्स' आहे आणि 'डिलीट फोल्डर'ही आहे. पहिल्याने फक्त वरची पाटी निघते. दुसऱ्याने फोल्डर आतल्या मेलांसकट डिलीटेड आयटम्समध्ये जातो. भित्रे लोक थांबून वाचतात. तुम्ही एका हातात कटिंग धरून, फोनवर व्हेंडरशी बोलत क्लिक करा. 'नक्की का?' असं आउटलुक विचारेल. 'यस' म्हणा, ते सगळ्यांनाच विचारतं. सर्च फोल्डरचा कायदा याच्या उलट. तो अख्खा उडवला तरी एकही मेल जात नाही, कारण आत मेल नसतातच, नुसती शोधाची यादी असते. पण त्या यादीतला एक मेल उडवलात तर तो मूळ जागेवरूनच जातो. हे दोन नियम नेमके उलटे लक्षात ठेवले की मार्चअखेर रंगतदार होते.

जीमेलवाल्यांची मला कीव येते. त्यांच्याकडे फोल्डर नाहीत, लेबलं आहेत. लेबल काढून टाकलं तरी मेल 'ऑल मेल'मध्ये सुखरूप. त्यात थरार तो काय!

रजेवर जाताना हँडओव्हर ऑफिसात देऊ नका, ठाण्याच्या दहा नंबर प्लॅटफॉर्मवरून द्या. पनवेल लोकल शिरत असताना शेजारच्या टेबलावरच्या मॅडमचा फोन येईल: "सर, सामाईक मेलबॉक्समधला तो करार कुठे आहे हो?" शांतपणे सांगा, "फेव्हरिट्समध्ये वरून सातवा." मेलबॉक्स सामाईक असला तरी फेव्हरिट्स ज्याचे त्याचे असतात, त्यांच्या स्क्रीनवर सातवा काय, पहिलाही नसतो. "दिसत नाही हो." "नीट बघा, 'इतर'च्या खाली." "कुठल्या इतरच्या?" ऐरोलीपर्यंत हे सहज पुरतं. तिथून पुढे "आवाज येत नाहीये" म्हणा.

एखादा फोल्डर ओढताना दुसऱ्याच्या पोटात पडला, तर शोधू नका. लगेच आयटीकडे तक्रारीचं तिकीट टाका: 'सर्व्हरवरून फोल्डर गायब, अर्जंट', सीसीमध्ये साहेब. आयटीतला मुलगा येईल, 'दिवाळी गिफ्ट'च्या शेजारचा बारीक बाण दाबेल आणि आतून 'ऑडिट' काढून देईल. तेव्हा म्हणा, "मघाशी नव्हता तिथे." पट्टी अगदीच बिघडलेली दिसली तर तो 'आउटलुक डॉट ईएक्सई स्लॅश रिसेटनॅवपेन' अशी आज्ञा चालवायचं म्हणेल. त्याने पट्टी पुसून नव्याने तयार होते, हौसेने मांडलेलं सगळं जातं आणि मेल मात्र जागच्या जागी राहतात. अजिबात चालवू देऊ नका. मेलांचं काय, येतच असतात.

जाता जाता तो विचारेल, "सर, मेल कुणाचा होता? विषयातला एखादा शब्द आठवतो?" तुम्ही पुटपुटाल. तो वरच्या शोधाच्या चौकटीत तो शब्द टाकेल आणि तीन दिवस हरवलेला मेल समोर उभा राहील. त्याचे आभार माना. तो वळला की 'सापडलेले मेल' नावाचा नवा फोल्डर काढा, तो मेल त्यात टाका, आणि राइट क्लिक करा.