ईव्हीला भारी केबिन फिल्टर म्हणजे फालतू खर्च? एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार दादा,

तुमची प्रतिक्रिया जरा रागातच आली आहे पण त्यात मुद्दे आहेत, म्हणून दोन ओळीत न उरकता नीट लिहितोय. बाकी वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो, ईव्हीचा (इलेक्ट्रिक गाडीचा) केबिन फिल्टर, म्हणजे गाडीच्या आत येणारी हवा गाळणारा फिल्टर, 'अपग्रेड' करा असं मी लेखात सुचवलं होतं. दादांचं कार एसीचं गॅरेज आहे आणि त्यांचं म्हणणं असं की कंपनीने दिलेला फिल्टर पुरेसा असतो, जाड फिल्टर टाकला की ब्लोअरवर (हवा आत ढकलणाऱ्या पंख्यावर) लोड येतो, त्याचा रजिस्टर (पंख्याचा वेग कमी-जास्त करणारा रेझिस्टर) जळतो, कूलिंग पडतं, एसीच्या हवा गार करणाऱ्या कॉइलवर बर्फ धरतो, इलेक्ट्रिक गाडीत तर रेंजही (एका चार्जमध्ये जाणारं अंतर) जाते आणि बॅटरी गरम होते, आणि मुळात जी गाडी धूरच सोडत नाही तिला असला फिल्टर हवाच कशाला.

शेवटचा मुद्दा आधी घेतो, कारण तो खूप लोक विचारतात. आपली गाडी धूर सोडत नाही हे बरोबर, पण आपण आत बसून जी हवा घेतो ती आपल्या गाडीची नसतेच ना, ती पुढच्या गाडीची असते. वायपरच्या खाली जी जाळी असते तिथून हवा आत ओढली जाते, आणि पुण्यात नवले पुलाच्या उतारावर ट्रकच्या मागे उभे असाल तर त्या ट्रकचा धूर, ब्रेकची पावडर, टायरची झीज, रस्त्याची धूळ सगळं तिथूनच येतं. पुणे-मुंबई एक्सप्रेसवेच्या भाताण, माडपच्या बोगद्यात किंवा नव्या कात्रज बोगद्यात तर ही हवा कोंडलेली असते. हिवाळ्यात पहाटे थंड हवेचा थर खाली बसतो आणि धूर वर जातच नाही, आणि सांगली-कोल्हापूरकडे ऊसतोडीनंतर पाचट पेटवतात तेव्हा हायवेवरसुद्धा वास आत येतो. पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कण, त्याची चोवीस तासांची मर्यादा आपल्याकडे घनमीटर हवेत ६० मायक्रोग्रॅम आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ पासून १५ आहे. माझ्या आईला दमा आहे, ती शेजारी बसलेली असते, त्यामुळे हा विषय माझ्यासाठी हौसेचा नाही.

आता तुमचा मुख्य मुद्दा, जाड फिल्टर. इथे आपलं बरंच जुळतं, फक्त मी 'अपग्रेड' म्हटलं ते तुम्ही 'हेपा' असं वाचलंत. ऑनलाइन 'ट्रू हेपा' लिहून जे फिल्टर विकतात ते तुमच्या-आमच्या गाडीच्या छोट्या खाचेत घालणं मलाही पटत नाही. एच१३ वर्गाचा खरा हेपा म्हणजे जे कण पकडायला सगळ्यात अवघड तेसुद्धा ९९.९५ टक्के अडवणारा. तेवढं अडवायचं आणि वर हवाही जाऊ द्यायची तर कागदाचं क्षेत्रफळ प्रचंड लागतं. टेस्लाने २०१५ मध्ये मॉडेल एक्सला हेपा दिला तेव्हा तो नेहमीच्या गाडीच्या फिल्टरपेक्षा साधारण दहापट मोठा आहे असं कंपनीनेच सांगितलं होतं, आणि त्यासाठी गाडीत मुळातच जागा ठेवलेली होती. आपल्या गाडीत वहीएवढा फिल्टर बसतो, त्यात हेपाचा कागद घातला तर हवा अडणार हे उघड आहे.

पण म्हणून कंपनीचा साधा फिल्टरच बरा असंही होत नाही. अनेक गाड्यांत अजून जो पातळ पांढरा फिल्टर येतो तो पराग, पानं, मोठी धूळ यासाठी ठीक आहे, पण धुराच्या बारीक कणांसाठी अगदीच कमी पडतो. या दोघांच्या मधला एक प्रकार असतो, ज्याच्या धाग्यांना स्टॅटिक चार्ज दिलेला असतो. तो बारीक कण नुसता गाळून नाही तर ओढून धरतो, त्यामुळे धागे फार दाट ठेवावे लागत नाहीत आणि हवा बऱ्यापैकी मोकळी जाते. त्यातच कार्बनचा थर असेल तर डिझेलचा वास आणि नायट्रोजन डायऑक्साइडही बराच कमी होतो (कार्बन मोनॉक्साइड मात्र कार्बनच्या थराने अडत नाही, दुकानदार काहीही सांगो). मी सुचवला तो हा प्रकार.

हिशेब करून बघा दादा. समजा मधल्या फिल्टरमधून तासाला ३०० घनमीटर हवा जाते आणि तो ६० टक्के कण पकडतो, म्हणजे १८० घनमीटर स्वच्छ हवा मिळाली. हेपा घातला आणि हवा निम्मी झाली, तर ९९ टक्के पकडूनही १५० च्या आतच. वरून बऱ्याच गाड्यांत आतली हवा फिरवायचं बटन दाबलं की तीच हवा पुन्हा पुन्हा याच फिल्टरमधून जाते, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत मधला फिल्टरही आतली हवा चांगलीच साफ करतो. त्यामुळे पाकिटावरच्या टक्क्यांपेक्षा हवा किती येते आणि फ्रेम किती घट्ट बसते हे बघायचं. नाकाजवळ सैल असलेला मास्क कितीही भारी असला तरी उपयोग नाही, तसंच इथेही, कडेने दहा टक्के हवा निसटत असेल तर ९९.९७ वाला फिल्टर नव्वदच्याच घरात राहतो. मी फोमची पट्टी असलेला फिल्टर घ्या आणि फ्रेमवरचा बाण जुन्या फिल्टरच्या बाणाच्या दिशेनेच ठेवा यावर एवढा जोर दिला तो याचसाठी.

ब्लोअर आणि रजिस्टर जळण्याबद्दल तुम्ही जे अनुभवाने लिहिलंय ते मी खोटं म्हणत नाही. पण तुमच्याकडे जळालेला रजिस्टर घेऊन जी गाडी येते तिचा फिल्टर काढल्यावर काय दिसतं? बहुतेक वेळा वर्षानुवर्षं न बदललेला, काळा, पानांनी भरलेला फिल्टर. रजिस्टर वाऱ्याच्या मार्गातच बसवलेला असतो, वाराच त्याला गार ठेवतो, वारा थांबला की तो तापतो. कॉइलवर बर्फ धरतो त्यातही हे एक मोठं कारण, हवा कमी पडली की कॉइल फार गार होते. म्हणजे मूळ दुखणं चोक झालेल्या फिल्टरचं आहे, नव्या चांगल्या फिल्टरचं नाही. आणि तुम्हाला हे माहीतच असेल की अशा पिंजऱ्यासारख्या ब्लोअरला हवा अडली तर तो उलट कमी करंट घेतो, म्हणून 'लोड येऊन मोटार जळते' हे जसं लोक बोलतात तसं नसतं. पावसाळ्यात मात्र काळजी घ्यायलाच हवी, हवा कमी झाली तर पुढच्या काचेवरची वाफ लवकर जात नाही आणि घाटात ते धोक्याचं आहे. फिल्टर बदलल्यावर पहिल्यांदा हेच तपासायचं, काच पूर्वीइतक्याच वेळात साफ होते का. होत नसेल तर तो फिल्टर कितीही महागाचा असो, काढून टाका.

रेंजचं म्हणाल तर आकडे अगदी साधे आहेत. ब्लोअर फुल स्पीडला धरा २००-३०० वॅट, म्हणजे तासभर चालवला तर पाव युनिट. शहरात ईव्ही १०० किलोमीटरला साधारण १२ ते १५ युनिट खाते, म्हणजे अख्खा ब्लोअर तासाला दोन किलोमीटर खातो असं धरा, आणि फिल्टरमुळे त्यात पडणारा फरक त्याचाही छोटा भाग. खरी रेंज खातो एसीचा कॉम्प्रेसर. एप्रिल-मेमध्ये बाहेरची चाळीस अंशाची हवा सतत आत घेऊन गार करत बसलात तर ते जाणवतं. बॅटरीचं तर नातंच नाही, आजच्या बहुतेक ईव्हींत बॅटरी पाण्यासारख्या कूलंटने गार होते, तिचा पाइप वेगळा, केबिनच्या फिल्टरचा तिथे संबंध येत नाही. काही हायब्रिड गाड्या केबिनची हवा बॅटरीला घेतात, पण त्यांना मागच्या सीटजवळ वेगळी जाळी असते.

या रेंजच्या भीतीनेच ईव्हीवाले एक गोष्ट करतात जी मला फिल्टरपेक्षा जास्त काळजीची वाटते. आतली हवा फिरवायचं बटन दाबून ठेवतात ते कायमचं. चौघं गाडीत, काचा बंद, बाहेर कार्बन डायऑक्साइड ४२० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग) आसपास आणि आत दहा-पंधरा मिनिटांत सहज दोन हजारांच्या वर. डोकं जड होतं, झोप येते आणि माणूस म्हणतो थकवा आला. फूडमॉलच्या फास्ट चार्जरला एसी लावून आतच बसणाऱ्यांचंही तसंच. हा वायू कुठलाही फिल्टर काढत नाही, बाहेरची हवा घ्यावीच लागते, आणि ती घ्यायची म्हणजे बाजूला इंजिन चालू ठेवून उभ्या ट्रकांचा धूर पण येणार. म्हणून ईव्हीत चांगला फिल्टर हवा असं मी म्हणतो, निर्धास्तपणे बाहेरची हवा घेता यावी यासाठी. ट्रकच्या मागे किंवा बोगद्यात असाल तेवढा वेळ आतली हवा, मोकळा रस्ता लागला की बाहेरची.

एका गोष्टीवर मात्र मी तुमच्याशी अजिबात सहमत नाही. तुम्ही लिहिलंय की फिल्टर काढायचा, कॉम्प्रेसरने हवा मारायची, परत बसवायचा, नवीन कशाला. मोठ्या धुळीपुरतं ते दिसायला बरं दिसतं, पण त्या प्रेशरने धागे फाटतात, बारीक भोकं पडतात आणि बारीक धूळ आणखी खोल जाते. साबणाच्या पाण्याने धुतला तर चार्जही जातो आणि मग तो नुसता कापडाचा तुकडा उरतो, कार्बनवाल्याचं तर काहीच परत येत नाही. कृपया गिऱ्हाइकांना असं साफ करून देऊ नका, तुमच्यावर विश्वास ठेवून लोक गाडी सोडून जातात.

ज्यांना घरीच बदलायचाय त्यांच्यासाठी ईव्हीतली एक सूचना इथेच देतो. गाडी बंद आहे म्हणून निवांत राहू नका, मोबाइल ॲपवरून किंवा टायमरने एसी आपोआप सुरू होऊ शकतो, तर आधी ते बंद करा, मग ग्लोव्हबॉक्स खोला. ब्लोअर १२ व्होल्टचा असतो, पण काही गाड्यांत हीटर त्याच खोक्यात असतो आणि त्याला हाय व्होल्टेजची नारिंगी केबल येते. नारिंगी केबल दिसली तर तिला हात लावायचा नाही आणि ओढाओढ करायची नाही.

तुम्ही विचारलंय की मग बदलायचा कधी. कंपनी किलोमीटर सांगते, पण पुण्या-मुंबईत जिथे मेट्रोची, इमारतींची कामं चालू आहेत तिथे मी किलोमीटर बघत नाही. दिवाळीच्या आधी एकदा बदलतो, कारण पुढचे चार महिने हवा सगळ्यात वाईट असते, आणि पावसाळा संपल्यावर तसाही ओला, कुबट वास धरलेला फिल्टर ठेवण्यात अर्थ नाही. मध्ये फेब्रुवारी-मार्चमध्ये काढून नुसता बघतो, काळा दिसला किंवा ब्लोअरचा आवाज वाढून वारा कमी वाटला तर तेव्हाही बदलतो. ईव्हीत इंजिनचा आवाज नसल्याने हा फरक कानाला लगेच कळतो. तुमच्या गॅरेजला वाऱ्याचा वेग मोजायचं मीटर असेल तर जुना फिल्टर, नवा साधा आणि नवा कार्बनवाला असे तिन्ही लावून व्हेंटला आकडे घ्या आणि इथे टाका, ते माझ्या विरोधात गेले तरी मी लेखात वरतीच लावेन.