दारे मोजावीत की खोल्या?

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातल्या मिनियापोलिसमध्ये कट्टा ही उन्हाळ्यापुरतीच शक्य असलेली गोष्ट आहे. मे ते सप्टेंबर या काळात, शनिवारी संध्याकाळी, सीडर अव्हेन्यूच्या एका कोपऱ्यावरील सोमाली चहाच्या दुकानाबाहेर जो बुटका सिमेंटचा कठडा आहे, त्यावर आम्ही चौघे बसतो. वेलची, दालचिनी आणि लवंग घातलेल्या दुधाच्या चहाला सोमाली माणसे ‘शाह’ म्हणतात आणि तो प्यायला की आपण परदेशात आहोत हे काही वेळ विसरायला होते. अण्णा निवृत्त स्थापत्य अभियंते आहेत, मूळचे गिरगावचे. ते १९७९मध्ये येथील विद्यापीठात शिकायला आले आणि परत गेले नाहीत. ताई पहिले घर घेणाऱ्यांना मार्गदर्शन करणाऱ्या एका संस्थेत काम करतात. तिसऱ्याला आम्ही ‘सावकार’ म्हणतो, कारण नोकरी संगणकाची असली तरी त्याने भाड्याने देण्यासाठी दोन घरे घेतली आहेत. चौथा मी, ज्याच्याकडे फक्त वही असते.

त्या दिवशी वादाला तोंड सावकारानेच फोडले. समोर दिसणाऱ्या, रंगीत फलकांच्या उंच इमारतींकडे बोट दाखवून तो म्हणाला, “येथे राहणाऱ्या सोमाली लोकांच्या घरांचा प्रश्न मुळात वेगळा प्रश्नच नाही. घरे कमी असली की भाडे वाढते, घरे बांधली की भाडे थांबते. प्यू या संशोधन संस्थेने आकडे दिले आहेत. २०१७ ते २०२२ या पाच वर्षांत मिनियापोलिसने आपली घरे १२ टक्क्यांनी वाढवली, तेव्हा शहरातले भाडे अवघे १ टक्का वाढले आणि उरलेल्या मिनेसोटात ते १४ टक्के वाढले. यात सोमाली, मराठी, स्वीडिश असा भेद कोठे आला?”

“भाडे कसल्या घराचे थांबले, ते सांग,” ताई म्हणाल्या. “जी घरे बांधली गेली, त्यातली बहुसंख्य बसच्या रस्त्यांवरच्या मोठ्या इमारतींमधली एक-दोन खोल्यांची आहेत. एकट्या तरुणाला किंवा जोडप्याला ती पुरतात. माझ्याकडे येणाऱ्या कुटुंबात आईवडील आणि सहा मुले असतात, कधी आजीही असते. एका बेडरूममागे दोन माणसे हा संकेत येथील घरमालक धरून चालतात आणि केंद्रीय गृहनिर्माण खात्यानेही १९९८पासून तो सर्वसाधारणपणे रास्त मानला आहे. म्हणजे आठ माणसांना चार बेडरूम लागतात. चार बेडरूमचे भाड्याचे घर या शहरात दाखव. मुले आहेत म्हणून घर नाकारायला १९८८च्या कायद्याने मनाई आहे, पण घर लहान आहे म्हणून नाकारायला मनाई नाही. नकाराचा मार्ग बदलला, इतकेच झाले.”

हे ऐकून अण्णा हसले, कारण ज्या इमारतींकडे सावकाराने बोट दाखवले होते, त्यांतच ते विद्यार्थी म्हणून राहिले होते. रिव्हरसाइड प्लाझा हे आजचे नाव. १९७३मध्ये त्या उघडल्या तेव्हा त्यांना सीडर स्क्वेअर वेस्ट म्हणत. राल्फ रॅपसन या वास्तुविशारदाने आखलेल्या ११ इमारती, १,३०३ घरे, आणि सर्वांत उंच इमारत ३९ मजल्यांची. गरीब, मध्यमवर्गीय आणि श्रीमंत एकाच आवारात राहतील अशी त्यामागची कल्पना होती. जुन्या शहराच्या आत नवे शहर वसवण्यासाठी केंद्र सरकारने पैसा पुरवला होता आणि पुढचे टप्पे पूर्ण झाले असते, तर या एका वस्तीत ३०,००० माणसे राहिली असती.

“ते टप्पे का झाले नाहीत, हे आज कोणी आठवत नाही,” अण्णा म्हणाले. “शेजारच्या जुन्या वस्तीतले लोक पर्यावरणाच्या कायद्याचा आधार घेऊन न्यायालयात गेले आणि काम थांबले. त्यांची बाजू अगदीच चुकीची होती असे मी म्हणणार नाही. त्यांची घरे पाडली जाणार होती. पण गंमत पहा. २०१८च्या डिसेंबरात नगरपरिषदेने ‘मिनियापोलिस २०४०’ हा आराखडा मंजूर केला, प्रत्येक निवासी प्लॉटवर तीन घरांची परवानगी दिली, आणि पुन्हा तेच झाले. पर्यावरणाच्या कायद्याखाली दावा, न्यायालयाची स्थगिती, आणि अखेर २०२४मध्ये विधिमंडळाने कायदाच दुरुस्त केला तेव्हा कोठे गाडी रुळावर आली. पन्नास वर्षांपूर्वी अडवणारे आणि आज अडवणारे यांच्यात काही नाते नाही, हत्यार मात्र जवळपास तेच आहे.”

“आणि तुमच्या काळी त्या इमारतींत सोमाली होते का?” मी विचारले.

“एकही नाही. १९९१मध्ये सोमालियात यादवी पेटली, त्यानंतर निर्वासित येऊ लागले. त्याआधी हाच रस्ता स्वीडिश लोकांचा होता. ओठाखाली तपकीर धरणाऱ्यांचा रस्ता म्हणून त्याची थट्टा होत असे. जो नवा येतो, तो येथे उतरतो आणि काही वर्षांनी पुढे सरकतो, असा या वस्तीचा इतिहास आहे. सोमाली मात्र तीस वर्षे झाली तरी पुरेसे पुढे सरकलेले नाहीत, आणि का नाहीत, हाच आपला प्रश्न असायला हवा.”

सावकाराला हा मुद्दा आवडला, कारण त्याचे उत्तर त्याच्याकडे तयार होते. “त्यांनाच एकत्र राहायचे असते,” तो म्हणाला.

यावर ताई काहीशा चिडल्या. त्यांनी सावकाराला आठवण करून दिली की नोकोमिस तळ्याजवळचे जे घर त्याने भाड्याने दिले आहे, त्याच्या जुन्या खरेदीखतातील एक कलम त्याने गेल्या वर्षी आम्हा सर्वांना मोठ्या कुतूहलाने दाखवले होते. या शहरात १९१०पासून अशी कलमे लिहिली जात होती. चिनी, जपानी, मूर, तुर्की, निग्रो, मंगोल किंवा आफ्रिकी रक्ताच्या वा वंशाच्या कोणालाही ही मालमत्ता विकू नये, गहाण देऊ नये किंवा भाड्याने देऊ नये, अशी त्या पहिल्या कलमांची भाषा होती. सर्वोच्च न्यायालयाने १९४८मध्ये त्यांची अंमलबजावणी बंद केली, मिनेसोटाने १९५३मध्ये नवी कलमे लिहिण्यास मनाई केली. विद्यापीठातील ‘मॅपिंग प्रेज्युडिस’ या प्रकल्पाने २०१६पासून जुने दस्त तपासून ती नकाशावर आणली, तेव्हा दक्षिणेकडील तळी आणि ओढ्यांकाठचे चांगले भाग त्यांनी भरलेले दिसले. “कलमे गेली,” ताई म्हणाल्या, “पण तेथे पुढे केवळ एका कुटुंबाचे स्वतंत्र घर बांधता येईल असे झोनिंग, म्हणजे जमीनवापराचे नियम, उरले. जो भाग चाळीस वर्षे कागदावर बंद होता, तो नंतर किमतीने बंद झाला. आणि आपण म्हणायचे, त्यांना एकत्र राहायला आवडते.”

सावकार क्षणभर गप्प झाला. त्याने ते कलम रीतसर रद्द करून घेतले आहे, कारण २०१९पासून मिनेसोटात घरमालकाला तसे करता येते, हे त्याने हळू आवाजात सांगितले. हे मी मुद्दाम नोंदवतो, कारण आमच्या कट्ट्यावर त्याला खलनायक ठरवणे फार सोपे असते.

एकत्र राहण्याबद्दलचे माझे मत मात्र दोघांपेक्षा थोडे वेगळे होते आणि ते मी मांडले. नवख्या माणसाला आपल्या लोकांजवळ राहावेसे वाटणे ही लाज वाटण्याची गोष्ट नाही; येथे मशीद आहे, किराणा आहे, लाइट रेलचे स्थानक आहे, आणि इंग्रजी न येणाऱ्या आजीला लिफ्टमध्ये बोलायला माणूस आहे. अडचण येते ती या जवळिकीसाठी द्याव्या लागणाऱ्या किमतीची. २७ नोव्हेंबर २०१९च्या पहाटे याच वस्तीतील सरकारी घरांच्या २५ मजली इमारतीच्या चौदाव्या मजल्यावर आग लागली आणि पाच माणसे गेली. इमारत १९६०च्या दशकातली असल्याने घरांमध्ये स्प्रिंकलर, म्हणजे आग लागताच पाणी फवारणारी यंत्रणा, बसवण्याच्या सक्तीतून ती सुटली होती. अण्णांनी मान हलवली. जुन्या उंच इमारतीत नंतर पाण्याच्या नळ्या टाकणे खर्चिक असते, परंतु अशक्य मुळीच नसते, असे ते म्हणाले आणि पुढची दोन-तीन मिनिटे कोणीच काही बोलले नाही.

मग विषय भाडेनियंत्रणाकडे वळला आणि येथे अण्णा आणि सावकार अनपेक्षितपणे एका बाजूला गेले. नदीपलीकडच्या सेंट पॉलमधील मतदारांनी नोव्हेंबर २०२१मध्ये वर्षाला ३ टक्क्यांहून अधिक भाडेवाढ नको असा निर्णय दिला, आणि तोही नव्या इमारतींना न वगळता. बांधकामाचे परवाने एकदम घसरले. पुढच्याच सप्टेंबरात नव्या बांधकामाला २० वर्षांची सूट द्यावी लागली आणि २०२५मध्ये २००४नंतरच्या सर्व इमारती कायमच्या वगळल्या गेल्या. “मी गिरगावच्या चाळीत वाढलो,” अण्णा म्हणाले. “१९४७च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने आमचे भाडे १९४०च्या पातळीवर गोठवले. माझ्या वडिलांना ते वरदान होते. पण त्या भाड्यात मालक छप्पर दुरुस्त करीना आणि नव्याने मुंबईत येणाऱ्याला पागडी मोजल्याशिवाय खोली मिळेना. जो आत आहे त्याला कायदा सांभाळतो. निर्वासित हा व्याख्येनेच बाहेरचा.”

ताईंनी हा युक्तिवाद अर्धाच मान्य केला. तीस वर्षे येथे असलेला सोमाली भाडेकरू आता आतला आहे आणि त्याचे भाडे अचानक वाढले तर मुलांची शाळा सुटते, असे त्यांचे म्हणणे होते. मिनियापोलिसमध्ये भाडेनियंत्रणाचा प्रस्ताव २०२३च्या जूनमध्ये ज्या बैठकीत पडला, ती ईदच्या दिवशी झाली आणि नगरपरिषदेचे तीन मुस्लिम सदस्य सणामुळे अनुपस्थित होते, ही गोष्टही त्यांनी काढली. प्रस्ताव चांगला की वाईट हे बाजूला ठेवले, तरी ज्यांच्या वस्तीवर त्याचा सर्वाधिक परिणाम व्हायचा, त्यांचे प्रतिनिधी नसताना तो निकाली निघावा हे अण्णांनाही पटले नाही.

“भाडे सोडा, विकत का घेत नाहीत?” सावकाराने विचारले. “टॅक्सी, ट्रक, दुकाने, सर्व काही चालवतात. हप्ता भाड्याइतकाच पडतो.”

“हप्त्यात व्याज असते म्हणून,” ताई म्हणाल्या आणि येथून पुढे बोलणे त्यांच्या हातात गेले. इस्लाममध्ये व्याज देणे आणि घेणे दोन्ही निषिद्ध आहे, आणि ज्याचे उत्पन्न हप्ता पेलण्याइतके आहे असा माणूसही त्या कारणाने भाड्यावर राहतो. यावर ‘मुराबहा’ नावाचा व्यवहार आहे. वित्तसंस्था घर स्वतः विकत घेते, त्यावर आपला नफा लावून ठरलेल्या वाढीव किमतीला ग्राहकाला विकते, आणि ती किंमत ग्राहक वर्षानुवर्षे हप्त्यांनी फेडतो. अमेरिकेच्या बँक-नियंत्रकाने १९९९मध्येच हा व्यवहार बँकांना करण्याजोगा मानला. मिनेसोटाच्या राज्य गृहवित्त संस्थेने २००९मध्ये, याच भागातील आफ्रिकन डेव्हलपमेंट सेंटर आणि शिकागोची डेव्हॉन बँक यांच्यासह, अशी योजना काढली. (साड्या आणि किराणा यांसाठी आपण ज्या डेव्हॉन अव्हेन्यूवर जातो, त्याच परिसरातली ही बँक आहे, हे ऐकून आम्हाला उगाचच आपुलकी वाटली.) त्या सेंटरचे संस्थापक हुसेन समतार २०१०मध्ये येथील शिक्षण मंडळावर निवडून आले आणि २०१३मध्ये वारले.

“नाव बदलले, व्याज तेच,” सावकार म्हणाला. “बेरीज करून पहा.”

“बेरीज जवळपास तीच येते, हे मी नाकारत नाही. पण किंमत पहिल्या दिवशी ठरते आणि थकलेल्या पैशावर पैसा चढत नाही. आणि समजा तुझेच खरे, तरी त्याच्या श्रद्धेला चालणारा कागद तयार करायला सरकारचे जाते काय? व्यवहार दोनदा खरेदीचा दिसतो म्हणून नोंदणी, कर, विमा सगळीकडे अडतो. हे अडथळे वकिलांनी बसून सोडवण्याजोगे आहेत. यात कोणाला अनुदानही द्यावे लागत नाही.”

माझ्या मते संध्याकाळचा सर्वांत वजनदार मुद्दा हाच होता, पण सावकाराचे मन अजून पहिल्या प्रश्नातच अडकलेले दिसले. त्याने वहीतला एक कागद मागून घेतला आणि नोकोमिसच्या घराचा आराखडा काढला. प्लॉट साधारण ४० फूट रुंद. आता तेथे तीन घरे करता येतील. अण्णांनी लगेच दाखवून दिले की नियमाने तीन दारे दिली असली, तरी इमारतीच्या एकूण आकारमानावरची मर्यादा फारशी सैल केलेली नाही, त्यामुळे दारे वाढली की प्रत्येक घर लहान होते. शहरात तीन घरांच्या इमारती इतक्या थोड्या झाल्या, त्याचे एक कारण हेही आहे.

“मग तीन कशाला करतोस?” ताईंनी विचारले. “दोन कर. त्यातले एक चार बेडरूमचे.”

सावकाराने प्रामाणिकपणे हिशेब मांडला. दोन लहान घरांचे भाडे एका मोठ्या घरापेक्षा बरेच जास्त येते, सहा मुलांच्या घरात झीज अधिक होते, आणि एक भाडेकरू गेला तर सगळेच उत्पन्न थांबते. ताईंनी सांगितले की सरकारी भाडे-व्हाउचरची कमाल रक्कम बेडरूमच्या संख्येनुसार ठरते, त्यामुळे चार बेडरूमच्या घराला ती पुष्कळ वर जाते आणि मोठा वाटा सरकारकडून थेट मालकाच्या खात्यात येतो. व्हाउचरवाला म्हणून भाडेकरू नाकारू नये असा नियम शहराने २०१७मध्ये केला, तेव्हा घरमालक न्यायालयात गेले होते. त्या वर्षी सावकारही त्यांच्याच बाजूने तावातावाने बोलत होता, हे मला आठवले, पण मी ते बोललो नाही.

“चार बेडरूमला नेमकी किती?” त्याने विचारले.

ताई फोनवर तक्ता शोधत असताना दुकानाचा मालक रिकामे पेले उचलायला बाहेर आला. कागदावरची आकृती पाहून त्याने हे काय म्हणून विचारले आणि आम्ही सांगितले. त्याच्या घरी सात माणसे आहेत आणि समोरच्या इमारतीत दोन बेडरूम आहेत. त्याने कागद थोडा वेळ निरखला. किमतीबद्दल, भाड्याबद्दल काहीच विचारले नाही. आईला रोज दुपारी या वस्तीत यावे लागते आणि ती गाडी चालवत नाही, म्हणून तेथून सीडर अव्हेन्यूला येणारी बस आहे का आणि हिवाळ्यात थांब्यापर्यंत किती चालावे लागेल, एवढेच त्याला हवे होते.

ते आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हते. सावकाराने खिशातून फोन काढला आणि बसचा मार्ग शोधू लागला.